कल्पनेची उसनवारी आणि जाहिरातीचे ढोल

१९९५ सालची दिवाळी. पगारवाढीच्या कराराचे एरियर्स नुकतेच हाती पडले होते आणि आमच्या नऊ वर्षांच्या चिरंजीवांनी ‘टीव्ही गेम’ हवा म्हणून चार महिने भुणभुण लावली होती. शेवटी एकदाचे ते यंत्र घरी आले. सोबत एक पिवळी कॅसेट. तिच्यावर ठळक आकड्यांत छापलेले : ‘९९९९ इन १’. म्हणजे एका कॅसेटमध्ये नऊ हजार नऊशे नव्याण्णव खेळ! पाडव्याच्या रात्री मुलगा झोपल्यावर मी वही-पेन्सिल घेऊन टीव्हीसमोर बसलो. शाखेत दर महिन्याला लेजर जुळवायची सवय. आकडा दिसला की तो तपासल्याशिवाय चैन पडत नसे. एकविसाव्या खेळापर्यंत सगळे ठीक चालले. बाविसावा खेळ म्हणजे पहिलाच खेळ, नाव तेवढे निराळे. तेविसावा म्हणजे दुसरा, फक्त रणगाडे जरा जोरात पळत होते. पुढे चाळीस-पन्नास खेळ तपासून मी वही मिटली. सकाळी मोठ्या गांभीर्याने हा घोटाळा चिरंजीवांच्या कानावर घातला. उत्तर आले, “बाबा, हे सगळ्यांना माहीत आहे.”

ते यंत्रसुद्धा निन्टेन्डो या जपानी कंपनीच्या यंत्राची नक्कल होते, हे मला खूप नंतर समजले. बहुधा तेही सगळ्यांना माहीत असावे.

त्या मुलाचा मुलगा आता बारा वर्षांचा आहे. गेल्या महिन्यात तो मोबाइल घेऊन माझ्याजवळ आला. चार महिन्यांनी येणाऱ्या एका खेळाची जाहिरात त्यात चालू होती : पडणारे डोंगर, जळणारी शहरे, मागे शंभर वाद्यांचा गजर. किंमत चार हजारांच्या घरात. आगाऊ पैसे भरणाऱ्यास एक सोनेरी तलवार मोफत. “आबा, असं याआधी कुणीच केलेलं नाही,” तो म्हणाला. बँकेत पस्तीस वर्षे कर्जप्रस्ताव वाचलेल्या माणसाच्या कानावर हे वाक्य पडले की तो आपोआप खुर्चीत सावरून बसतो. ‘यापूर्वी कोणीच केलेले नाही’ असे लिहिणारे अर्जदार दोनच प्रकारचे असत. एकाने चौकशी केलेली नसे. दुसऱ्याने केलेली असे आणि तो ती लपवत असे.

तेव्हापासून मी या विषयाच्या मागे लागलो. जे हाती आले त्यावरून एवढे नक्की म्हणता येईल की व्हिडिओ गेमचा सगळा धंदा उसन्या कल्पनेवर उभा राहिला आहे, आणि त्यात मला काही वावगे दिसत नाही. वावगे आहे ते दुसरेच.

सुरुवात पाहा. राल्फ बेअर हा मूळचा जर्मनीचा. नाझींच्या छळामुळे १९३८ साली त्याचे कुटुंब अमेरिकेत आले आणि तो पुढे अभियंता झाला. घरोघरच्या टीव्हीचा उपयोग खेळण्यासाठी का होऊ नये, हा विचार त्याने १९६६ साली कागदावर मांडला. त्यातून १९७२ साली मॅग्नाव्हॉक्स कंपनीचे ‘ओडिसी’ हे यंत्र बाजारात आले. त्याला ना आवाज होता, ना पडद्यावर गुण दिसत. मैदान दिसावे म्हणून टीव्हीच्या काचेवर रंगीत पारदर्शक कागद चिकटवावा लागे. त्या वर्षीच्या मे महिन्यात कॅलिफोर्नियातल्या बर्लिंगेम येथे या यंत्राचे प्रात्यक्षिक झाले. आलेल्या पाहुण्यांसाठी दाराशी एक नोंदवही ठेवली होती. नोलन बुशनेल नावाच्या तरुणाने तिथे टेबल टेनिसचा खेळ पाहिला आणि वहीत सहीही केली.

पुढल्याच महिन्यात बुशनेलने अटारी कंपनी स्थापन केली आणि आपला अभियंता अॅलन अल्कॉर्न याला सरावापुरते म्हणून चेंडू-फळीचा एक साधा खेळ करायला सांगितला. अल्कॉर्नने सांगितल्यापेक्षा जास्त केले. फळीचे आठ भाग कल्पून चेंडू कुठे लागतो त्याप्रमाणे त्याचा कोन बदलेल असे केले. खेळ लांबला की चेंडूचा वेग वाढेल असे केले. आणि त्याला तो ‘टॉक’ असा आवाज दिला. हाच ‘पाँग’. सनीव्हेल गावातल्या एका गुत्त्यात त्याचे पहिले यंत्र ठेवले. काही दिवसांनी ते बंद पडल्याची तक्रार आली. अल्कॉर्न जाऊन पाहतो, तर नाण्यांचा डबा भरून वाहत होता.

१९७४ साली मॅग्नाव्हॉक्सने दावा ठोकला. १९७६ साली तडजोड झाली आणि अटारीने रीतसर पैसे मोजून परवाना घेतला. त्या प्रकरणात ती बर्लिंगेमची नोंदवही पुरावा म्हणून पुढे आली. मला या सगळ्या गोष्टीतली सर्वांत सुंदर वस्तू वाटते ती ही वही. ती नसती तर ‘मी पाहिलेच नव्हते’ म्हणायला जागा होती.

मग मूळ कल्पना बेअरची म्हणावी, तर त्याच्याही मागे कोणी आहेच. १९५८ साली ब्रुकहेवनच्या अणुसंशोधन प्रयोगशाळेत विल्यम हिगिनबॉथम या शास्त्रज्ञाने, पाहुण्यांना कंटाळा येऊ नये म्हणून, ऑसिलोस्कोपच्या वाटोळ्या काचेवर टेनिसचा खेळ करून दाखवला होता. लोकांनी रांगा लावल्या. त्याने पेटंट घेतले नाही, आणि प्रयोगशाळेने ते यंत्र मोडून त्याचे सुटे भाग इतरत्र वापरले. पुढे १९८० च्या दशकात निन्टेन्डोने बेअरच्या पेटंटला शह देण्यासाठी हिगिनबॉथमला न्यायालयात आणले, पण उपयोग झाला नाही. आणि त्याच्याही मागे शोधायचे तर खरे टेनिस आहेच!

ज्याने पाहिले त्याने सुधारले, आणि ज्याचे पाहिले त्याला पैसे मिळाले, उशिरा का होईना. हा व्यवहार मला तरी स्वच्छ वाटतो. मराठी रंगभूमी याच व्यवहारावर मोठी झाली. देवलांचा ‘झुंझारराव’ ऑथेल्लोवरून आला, पु. लं.ची ‘ती फुलराणी’ शॉच्या ‘पिग्मॅलियन’वरून. कोणी चोरी म्हटले नाही, कारण कोणी लपवले नाही; आणि आपली फुलराणी जे बोलते ते लंडनमधल्या मूळ फुलवालीला सात जन्मांत बोलता आले नसते.

माझ्याही एका कादंबरीतली कल्पना काही वर्षांपूर्वी दूरचित्रवाणीच्या एका मालिकेत मला भेटली. बँकेच्या तिजोरीला दोन किल्ल्या असतात आणि त्या दोन वेगवेगळ्या माणसांकडे असतात. माझ्या कादंबरीत त्यातली एक हरवते आणि त्यापायी एक संसार मोडतो. मालिकेतही हरवली, तिथेही मोडला. मी तावातावाने एका वकील मित्राकडे गेलो. त्याने चहा मागवला आणि विचारले, “वाक्यं तुझी आहेत? पात्रांची नावं?” नव्हती. “मग किल्ली हरवण्याची कल्पना तुझ्या नावावर नाही. ती कुणाच्याच नावावर नसते.” त्याने मला १९७८ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल वाचायला दिला, आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स. नाटकावरून चित्रपट उचलल्याची ती तक्रार होती. नुसत्या कल्पनेवर मालकी नाही, ती कशी मांडली त्यावर आहे, असा त्याचा आशय. मला राग आला होता, पण निकाल बरोबर होता. तसा तो नसता तर हरवलेल्या किल्लीवर माझ्याआधी लिहिणारे दहा लेखक माझ्याच दारात उभे राहिले असते.

खेळांच्या जगात हे तत्त्व एका गमतीदार खटल्यात कसाला लागले. १९८१ साली निन्टेन्डोने ‘डाँकी काँग’ काढला : एक माकड तरुणीला पळवते आणि एक सुतार उड्या मारत तिला सोडवायला वर चढतो. हाच सुतार पुढे नळकाम करणारा मारिओ म्हणून जगभर गाजला. १९८२ साली युनिव्हर्सल या चित्रपट कंपनीने दावा केला की हा आमचा किंगकाँग आहे. निन्टेन्डोच्या वकिलांनी जुनी कागदपत्रे बाहेर काढली. काही वर्षांपूर्वी याच युनिव्हर्सलने दुसऱ्या एका कंपनीविरुद्ध न्यायालयात सांगितले होते की किंगकाँगची कथा कोणाच्याही मालकीची नाही! दावा फेटाळला गेला आणि १९८४ साली अपिलातही तोच निकाल कायम राहिला. पुढची गंमत अशी की सप्टेंबर २०२४ मध्ये निन्टेन्डो स्वतः फिर्यादी झाली. ‘पालवर्ल्ड’ या खेळातले प्राणी त्यांच्या पोकेमॉनसारखे दिसतात अशी चर्चा होतीच; पण टोकियोच्या न्यायालयात त्यांनी दावा केला तो दिसण्यावरून नव्हे, तर गोळा फेकून प्राणी पकडण्यासारख्या खेळण्याच्या रीतींच्या पेटंटवरून. हे मला धोक्याचे वाटते. १९८१ साली कोणी ‘उडी मारणे’ असे पेटंट घेऊन बसले असते, तर मारिओ अजून जमिनीवरच चालत असता.

आता दुसरी बाजू, जिथे माझे मन इतके सहज न्यायनिवाडा करू शकत नाही.

२०१४ च्या फेब्रुवारीत आशर व्होल्मर, ग्रेग वोलवेन्ड आणि जिमी हिन्सन या तिघांनी ‘थ्रीज’ नावाचा आकडे सरकवून जुळवण्याचा खेळ मोबाइलसाठी आणला. दिसायला पाटीवरच्या गणितासारखा, पण त्यामागे चौदा महिन्यांची मेहनत होती. किंमत जेमतेम दोन डॉलर. महिनाभरात त्याची ‘१०२४’ नावाची फुकट आवृत्ती निघाली, आणि त्यापाठोपाठ गॅब्रिएले चिरुल्ली या एकोणीस वर्षांच्या इटालियन मुलाने शनिवार-रविवारात बसून ‘२०४८’ केला. तोही फुकट. लोकलमध्ये, बँकेच्या रांगेत, लग्नाच्या पंगतीत त्या काळी जो तो अंगठ्याने आकडे सरकवत असे, तो हाच खेळ. ‘थ्रीज’चे नाव आपल्याकडे किती जणांनी ऐकले असेल? उलट काही लोक त्या तिघांनाच सांगू लागले की तुम्ही ‘२०४८’ची नक्कल केली आहे. तेव्हा त्यांनी आपसांतला सगळा पत्रव्यवहारच लोकांसमोर ठेवला. कोणता नियम का घेतला, का टाकला, हे दाखवण्यासाठी. लबाडी यात कोणाचीच नव्हती. चिरुल्लीने आपण कोणत्या खेळांवरून हे केले ते लिहिले होते, आणि जाहिरातीवर एक पैसा खर्च केला नव्हता. तरीही चौदा महिन्यांची मजुरी एका शनिवार-रविवारात वाहून गेली. कायद्याला यात काही करता येत नाही. माझ्या किल्लीपेक्षा हे दुःख कितीतरी मोठे आहे.

मोठ्या घराण्याने हेच केले की मात्र माझी सहानुभूती आटते. निंबलबिट या तीन माणसांच्या कंपनीने २०११ साली ‘टायनी टॉवर’ काढला. एकावर एक मजले चढवत जाण्याचा खेळ. २०१२ च्या जानेवारीत झिंगा कंपनीचा ‘ड्रीम हाइट्स’ आला. झिंगात दोन हजारांवर माणसे होती आणि महिन्यापूर्वीच तिचे शेअर बाजारात आले होते. निंबलबिटने दोन्ही खेळांची चित्रे शेजारी शेजारी ठेवून झिंगाला जाहीर पत्र लिहिले आणि अतिशय नम्रपणे त्यांच्या यशाबद्दल अभिनंदन केले. इतके झोंबणारे अभिनंदन मी शाखा व्यवस्थापकाच्या निरोप समारंभातही ऐकलेले नाही.

आणि आता ढोल. कल्पना कोणाचीही असो, ती विकायची कशी, हा या धंद्याचा दुसरा अर्धा भाग. किंबहुना मोठा भाग. इंग्लंडमधल्या गिल्डफर्ड गावी हॅलो गेम्स नावाची, २०१६ साली पंधराएक माणसांची असलेली, कंपनी आहे. त्यांचा ‘नो मॅन्स स्काय’ हा खेळ २०१६ च्या ऑगस्टमध्ये आला. त्याआधी बराच काळ एकच आकडा सांगितला जात होता : या खेळात अठरावर अठरा शून्ये एवढे ग्रह आहेत. आकडा खोटा नव्हता. गणिती सूत्राने ग्रह आपोआप तयार होत. पण लोक वीस-पंचवीस ग्रह फिरले आणि म्हणू लागले की हाच डोंगर मघाशी पाहिला होता, फक्त जांभळा होता. मला माझी पिवळी कॅसेट आठवली. त्याहून वाईट दुसरी गोष्ट. या विश्वात दोन खेळाडू एकमेकांना भेटू शकतील, असे प्रमुख शॉन मरे मुलाखतींत सुचवत आले होते. पहिल्याच दिवशी दोघे जण ठरवून एकाच ग्रहावर, एकाच जागी उभे राहिले. त्यांना एकमेक दिसले नाहीत. इंग्लंडच्या जाहिरात नियामक संस्थेकडे तक्रारी गेल्या; जाहिरात दिशाभूल करणारी नाही असा निर्वाळा तिने दिला. खेळाडूंनी मात्र दिला नाही.

पण या खात्याचा पुढचा उतारा पाहण्यासारखा आहे. कंपनीने बोलणे बंद केले आणि काम चालू ठेवले. दर काही महिन्यांनी नवी भर, एकही पैसा न घेता. २०१८ साली त्या विश्वात माणसे एकमेकांना खरोखर भेटू लागली, आणि अजूनही भर पडतेच आहे. बँकेच्या भाषेत, बुडीत धरलेले खाते व्याजासह वसूल झाले. असे दहा हजारांत एखादे होते. पोलंडच्या ‘सायबरपंक २०७७’चेही काहीसे असेच. आठ वर्षे गाजावाजा, कियानू रीव्ह्जसारखा नट व्यासपीठावर, ऐंशी लाख लोकांची आगाऊ खरेदी. आणि डिसेंबर २०२० मध्ये खेळ आला तो इतका मोडका की आठवडाभरात सोनीने तो आपल्या दुकानातून काढून घेतला आणि पैसे परत देऊ केले. दुरुस्त होत होत तो चांगला झाला म्हणतात. पण पहिल्या दिवशी रांग लावणाऱ्याने चांगल्या खेळाचे पैसे देऊन मोडका खेळ घेतला, हे कसे पुसणार?

आगाऊ खरेदी म्हणजे काय, हे आपण कधी नीट पाहत नाही. दुकानात वस्तू संपण्याची भीती असे तेव्हा नाव नोंदवणे समजण्यासारखे होते. आता खेळ तारेतून येतो; तो संपत नाही. म्हणजे हे ग्राहकाने कंपनीला दिलेले कर्ज आहे; बिनव्याजी, बिनतारण, आणि परतफेड कशात करायची ते कर्जदारानेच ठरवायचे. असा प्रस्ताव माझ्या टेबलावर आला असता तर मी शिपायाला सांगून त्या माणसाला चहा पाजला असता आणि परत पाठवले असते. त्या सोनेरी तलवारीचे काम एवढेच की बारा वर्षांच्या मुलाने थांबून विचार करू नये.

आपल्याकडचे ढोल याहून वेगळे वाजत नाहीत. ‘पबजी’ने देशाला वेड लावले होते, त्याची वंशावळही उसनवारीचीच. ब्रेन्डन ग्रीन या आयरिश माणसाने ‘बॅटल रोयाल’ या २००० सालच्या जपानी चित्रपटावरून कल्पना घेतली आणि आधी दुसऱ्यांच्या खेळांत फेरफार करून ती घोटवली. हे त्याने कधी लपवले नाही. २ सप्टेंबर २०२० रोजी पबजीच्या मोबाइल आवृत्तीवर आपल्या सरकारने बंदी घातली. दोनच दिवसांत, ४ तारखेला, अक्षय कुमारने ‘फौजी’ या स्वदेशी खेळाची घोषणा केली. उत्पन्नातला वीस टक्के वाटा हुतात्मा जवानांच्या कुटुंबांसाठीच्या निधीला जाणार होता. हेतूबद्दल मला शंका नाही. पण गलवानच्या शौर्याचे नाव पुढे करून चार-पाच महिने वातावरण तापवले गेले, आणि २६ जानेवारी २०२१ ला खेळ हाती आला तेव्हा मुलांना त्यात पुन:पुन्हा तीच हाणामारी सापडली. काही दिवसांतच लोकांनी दिलेले गुण कोसळले. देशप्रेम हे तारण म्हणून घेऊ नये, हे कोणत्याही कर्ज अधिकाऱ्याला कळते. ते जप्त करता येत नाही.

त्याच २०२० च्या ऑगस्टमध्ये, एवढ्या आवाजाशिवाय, पुण्यातल्या नॉडिंग हेड्स या छोट्या कंपनीचा ‘राजी’ हा खेळ जगापुढे आला. भावाला शोधायला निघालेल्या एका डोंबाऱ्याच्या मुलीची गोष्ट. भिंतींवरून पळणे, खांबांवरून झेपावणे हे सगळे जुन्या ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’च्या वळणाचे, कोणीही ओळखावे. पण तिच्याभोवतीचे महाल राजस्थानी, रंग पहाडी लघुचित्रांचे, आणि कथा सांगितली जाते ती सावल्यांच्या बाहुल्यांनी. त्यांनी लोकांकडून वर्गणी गोळा करण्याचा प्रयत्नही केला होता, तो फसला. समीक्षकांनी लढाईतले दोष दाखवले, ते असतील. नातवाने मला तो खेळून दाखवला तेव्हा मी फक्त भिंतींवरची चित्रे पाहत बसलो होतो.

तलवारीचे काय झाले, ते सांगायचे राहिले. मी नातवाला म्हटले, खेळ बाजारात येऊ दे, महिनाभर लोकांना खेळू दे, मग पैसे माझे. तो दोन दिवस घुश्श्यात होता. तिसऱ्या दिवशी संगणक घेऊन आला. त्यांच्या शाळेत एमआयटीने मुलांसाठी काढलेली ‘स्क्रॅच’ ही प्रणाली शिकवतात. तिच्यात दुसऱ्या मुलाने केलेला खेळ घेऊन त्यात आपल्याला हवे ते बदल करता येतात, आणि तसे केले की मूळ करणाऱ्याचे नाव आपोआप तिथे नोंदले जाते. पठ्ठ्याने चेंडू-फळीचा खेळ केला होता. चेंडूच्या जागी आमच्या बोक्याचे तोंड. तीनदा फळी लागली की बोका चिडतो आणि भलत्याच दिशेला जातो. खाली कुठल्याशा परदेशी मुलाचे नाव आणि त्याचे आभार. त्याखाली नातवाने स्वतः लिहिले होते : ‘जगातला पहिला बोका-टेनिस! याआधी कुणीच केलेला नाही!’

मी चष्मा लावून अर्धा तास शोधले. निदान मला तरी दुसरा सापडला नाही.